घरच्या सर्व्हरचा 'बूट ड्राइव्ह' बदलताना...

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी :

उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिराच्या आसपासच्या एखाद्या फ्लॅटची कल्पना करा. दिवाणखान्यात टीव्हीच्या टेबलाखाली एक काळा डबा अहोरात्र चालू आहे. त्यात चार हार्ड डिस्क आहेत आणि त्यांवर घरातील वीस वर्षांचे छायाचित्र-भांडार, लग्नाच्या चित्रफिती, मुलांच्या स्नेहसंमेलनांचे चित्रण आणि आता हयात नसलेल्या आजोबांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण साठविलेले आहे. एके दिवशी वीज जाते, परत येते आणि यंत्राच्या पडद्यावर बूट करण्यायोग्य साधन सापडत नसल्याचा संदेश उमटतो. सारे गेले, असे समजून घरात एकच धावपळ उडते. कोणी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडू पाहतो. विंडोजला त्या डिस्कची मांडणी ओळखता येत नाही, म्हणून तो 'फॉरमॅट करायचे का?' असे विचारतो. नेमक्या याच ठिकाणी 'होय' म्हटले जाते आणि तोवर शाबूत असलेली माहिती खरोखरच जाते.

मुळात असे सर्व्हर दोन स्वतंत्र भागांत विभागलेले असतात, हे आधी समजून घ्यावयास हवे. एका लहानशा ड्राइव्हवर कार्यप्रणाली असते. त्यास बूट ड्राइव्ह म्हणतात. उरलेल्या मोठ्या डिस्क एकत्र बांधून त्यांचा साठा केलेला असतो. त्यास 'पूल' असे नाव आहे. बूट ड्राइव्ह निकामी झाला तर सर्व्हर सुरू होत नाही, परंतु पूलवरील एकाही छायाचित्रास धक्का लागत नाही. झेडएफएस या सन मायक्रोसिस्टिम्समध्ये विकसित झालेल्या प्रणालीचे वैशिष्ट्य असे, की पूलमधील प्रत्येक डिस्क आपली ओळख स्वतःवरच नोंदवून ठेवते. त्यामुळे कोणती डिस्क कोणत्या केबलला लावली, याने फरक पडत नाही. नव्या ड्राइव्हवर कार्यप्रणाली टाकली, की ती डिस्कवरील या खुणा वाचून जुना पूल ओळखते. स्वतंत्र रेड कार्ड वापरणाऱ्या जुन्या यंत्रांत मात्र ही मोकळीक नसते, हे ध्यानात ठेवावे.

बूट ड्राइव्ह मुळात बिघडतो का, यामागे थोडा इतिहास आहे. फ्रेंच अभियंते ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी २००५ मध्ये फ्रीनॅस ही मोफत प्रणाली सुरू केली. ती इतकी आटोपशीर होती, की साध्या पेन ड्राइव्हवर मावत असे आणि एकदा वाचली गेली की तिचे बहुतांश काम मेमरीतच चाले. पेन ड्राइव्हवरून सर्व्हर चालविण्याची सवय तेव्हापासून रुजली. २०१४ अखेरच्या ९.३ आवृत्तीपासून बूट ड्राइव्हवरही झेडएफएस आली आणि त्यावर लिहिण्याचे प्रमाण वाढले. पेन ड्राइव्हमधील फ्लॅश चिप सततच्या लेखनासाठी बनविलेलीच नसते. काही महिन्यांत वा वर्षांत ती थकते. हीच प्रणाली २०२० पासून ट्रूनॅस या नावाने ओळखली जाते आणि आता तिच्या निर्मात्यांची शिफारस किमान १६ जीबी क्षमतेच्या एसएसडीची आहे. तरीही अनेक घरांत जुना पेन ड्राइव्ह अद्याप सर्व्हरच्या पाठीमागे लटकताना दिसतो. चालते आहे तोवर कशाला हात लावा, हा आपला स्वभावच!

ड्राइव्ह बदलायचाच आहे, तर त्याच बैठकीत कार्यप्रणालीची नवी आवृत्तीही घालून घ्यावी, असा मोह साहजिक होतो. यंत्र उघडलेलेच असते, रविवारची सुटी असते. परंतु दोन्ही बदल एकदम केले आणि सर्व्हर सुरू झाला नाही, तर दोष नव्या ड्राइव्हचा, बायोसमधील क्रमाचा की नव्या आवृत्तीचा, याचा उलगडा होत नाही. म्हणून आधी जुनीच आवृत्ती नव्या एसएसडीवर टाकावी, जुनी रचना त्यावर परत आणावी, दोनचार दिवस वापरून पाहावे आणि मगच आवृत्ती बदलावी, हा मार्ग आमच्या मते अधिक शहाणपणाचा. त्यात एक संध्याकाळ जास्त जाते, एवढेच.

याला अर्थात दुसरी बाजू आहे. नवी आवृत्ती थेट नव्या एसएसडीवर टाकून जुन्या रचनेची फाईल तिला दिली, तरी ती सहसा स्वीकारली जाते. नव्या आवृत्तीला जुनी फाईल वाचता येते, उलट मात्र होत नाही. शिवाय जुना ड्राइव्ह जसाच्या तसा बाजूला राहतो. काही बिनसले तर तो पुन्हा लावला की सर्व्हर पूर्वस्थितीत येतो. मात्र मधल्या अनेक आवृत्त्या ओलांडून झेप घ्यावयाची असल्यास निर्मात्यांनी सांगितलेल्या टप्प्यांनीच जावे लागते. फ्रीबीएसडीवर आधारित ट्रूनॅस कोअरवरून लिनक्सवर आधारित आवृत्तीकडे जाणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. लिनक्सवरील ही शाखा 'स्केल' या नावाने २०२२ मध्ये आली आणि २०२५ पासून 'कम्युनिटी एडिशन' म्हणून दिली जाते. कोअरमधील 'जेल' नावाचे कप्पे तेथे चालत नाहीत आणि गेली या जुन्या पद्धतीने कुलूपबंद केलेला पूल तेथे उघडतच नाही. असा पूल असेल तर आधी माहिती अन्यत्र हलविण्याखेरीज मार्ग नाही.

रचनेची फाईल हा या साऱ्या खटाटोपाचा प्राण आहे. वापरकर्ते, सामायिक फोल्डर, नेटवर्कचा पत्ता, रोजच्या कामांचे वेळापत्रक हे सारे एका लहानशा फाईलमध्ये उतरवून घेता येते. ती घेताना 'सीक्रेट सीड' समाविष्ट करण्याचा पर्याय विचारला जातो. त्या चौकटीवर खूण करणे अनेक जण विसरतात. हे गुप्त बीज सोबत नसेल, तर फाईलमध्ये सांकेतिक स्वरूपात ठेवलेले पासवर्ड नव्या ड्राइव्हवर उलगडत नाहीत आणि ते पुन्हा भरत बसावे लागते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे बीजासह घेतलेली फाईल टार प्रकारची असते, बीजाविना घेतलेली डीबी प्रकारची. पूलवरील माहिती कुलूपबंद केली असेल तर तिच्या किल्लीची फाईलही वेगळी उतरवून घ्यावी. ती हरवली तर जगातील कोणताही तंत्रज्ञ काही करू शकत नाही. या दोन्ही फाईल त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार ओढून घेणे होय! त्या लॅपटॉपवर आणि आणखी एका ठिकाणी असाव्यात.

जुना ड्राइव्ह अजून धुगधुगी धरून असेल, तर आणखी एक उपाय उपलब्ध आहे. नवा एसएसडी त्याचा जुळा म्हणून जोडायचा, सारे उतरले की जुना काढून घ्यायचा. त्यासाठी नवा ड्राइव्ह जुन्याएवढा वा मोठा लागतो. वेष्टनावर १६ जीबी छापलेले दोन ड्राइव्ह प्रत्यक्षात थोडेसे लहानमोठे निघू शकतात. जुन्या ड्राइव्हवर चुका दिसू लागल्या असतील तर मात्र या फंदात न पडता नव्याने स्थापना करावी, कारण बिघडलेल्या फाईल जुळ्यावरही तशाच उतरतील.

खोलण्यापूर्वी पूलची 'स्क्रब' तपासणी पूर्ण करून घ्यावी. त्यात साठ्यातील सारी माहिती वाचून पडताळली जाते. अनेक टीबींचा साठा असल्यास काही तास लागतात. त्याचप्रमाणे महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे ना, हेही पाहावे. एक डिस्क गेली तरी पूल तगतो, म्हणून वेगळ्या प्रतीची गरज नाही, हा समज घातक आहे. चुकून पुसलेली फाईल पूलमधील सर्व डिस्कवरून एकाच वेळी पुसली जाते.

मग सर्व्हर रीतसर बंद करून प्रत्येक डिस्कवरचा अनुक्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि स्थापनेपुरत्या सर्व मोठ्या डिस्कच्या केबल काढून ठेवाव्यात. स्थापनेच्या वेळी पडद्यावर ड्राइव्हची यादी येते आणि जो निवडला जाईल तो संपूर्ण पुसला जातो. यादीत नवा एसएसडी एकटाच असेल, तर चूक होण्यास वावच उरत नाही. सर्व्हर जुन्या संगणकातून बनविला असल्यास आणखी एक अडचण संभवते. अनेक जुन्या मदरबोर्डना एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीवरून सुरू होता येत नाही; तेथे साटा जोडणीचाच घ्यावा.

आपल्याकडे विजेचा विचार वेगळा करावा लागतो. घरोघरी इन्व्हर्टर असतात, पण साध्या स्थितीत वीज गेल्यावर बॅटरीवर येण्यास त्यांना लागणारा क्षण संगणक बंद पडण्यास पुरेसा असतो. इन्व्हर्टरला यूपीएसचा पर्याय असेल तर तो चालू करावा, नसेल तर छोटा यूपीएस लावावा. मे महिन्यातील दुपारी हे काम काढू नये, हे शहरातील उन्हाळा पाहिलेल्यांस सांगावयास नको.

स्थापना झाली, यंत्र बंद करून केबल पुन्हा जोडल्या, की पुढचा टप्पा रचनेची फाईल परत देण्याचा. त्यानंतर सर्व्हर स्वतःहून पुन्हा सुरू होतो आणि पूलही बहुधा आपोआप दिसू लागतो. नेटवर्क कार्डाचे नाव नव्या प्रणालीत बदलल्यास जुना पत्ता लागू होत नाही. अशा वेळी सर्व्हरला मॉनिटर व कळफलक जोडून पत्ता पाहावा. फाईल हाताशी नसेल तर पूल स्वतः आणावा लागतो. येथे 'इम्पोर्ट' आणि 'क्रिएट' असे दोन पर्याय भेटतात. पहिला जुना साठा उघडतो, दुसरा त्याच डिस्क कोऱ्या करून नवा साठा बनवितो. पूल दुसऱ्या यंत्रावर वापरात होता, अशी सूचना आली तरी घाबरू नये. तो आधी रीतसर सोडविला नव्हता, एवढाच तिचा अर्थ.

इतर प्रणालींत चित्र थोडे निराळे आहे. सिनॉलॉजीच्या यंत्रांत कार्यप्रणाली प्रत्येक डिस्कवरच एका भागात ठेवलेली असल्याने हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. अनरेडचा परवाना बराच काळ पेन ड्राइव्हच्या ओळखक्रमांकाशी बांधलेला राहिला, तेथे ड्राइव्हबरोबर परवानाही हलवावा लागतो. डेबियनवर आधारित ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये पेन ड्राइव्हवरील लेखन कमी करणारी पुरवणी मिळते.

नवी आवृत्ती सुरू झाल्यावर पूलची श्रेणीही वाढविता येईल, अशी सूचना पडद्यावर झळकू लागते. ती मान्य केल्यास जुन्या आवृत्तीला तो पूल पुढे उघडता येईलच असे नाही आणि माघारीची वाट बंद होते. जुना ड्राइव्ह परत लावण्याचा आधार तोवरच आहे. म्हणून त्यावर तारीख व आवृत्ती लिहिलेली चिठ्ठी चिकटवून तो खणात ठेवावा, छायाचित्रे उघडतात का, रोजचे बॅकअप होतात का, घरातील सर्वांच्या मोबाइलवरून फोल्डर दिसतात का, हे महिनाभर पाहावे आणि त्यानंतरच पूलच्या त्या सूचनेकडे वळावे.