मेंदू आणि अभ्यास : पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

रात्रीचे साडेदहा वाजले आहेत. दहावीतला मुलगा इतिहासाचे पुस्तक घेऊन बसला आहे. धडा तिसऱ्यांदा वाचून झाला, निम्म्याहून अधिक ओळी हायलायटरने पिवळ्या झाल्या. आई विचारते, "झाला का रे धडा?" तो म्हणतो, "हो, सगळं येतंय." दुसऱ्या दिवशी चाचणीत त्याच धड्यावरचा प्रश्न समोर येतो आणि पेन अडखळते. मग घरात निवाडा होतो : लक्ष नव्हते, आळशी आहे, नाहीतर या विषयात त्याचे डोकेच चालत नाही.

असे निवाडे मुलावर अन्याय करतात. त्याने मेहनत केलेली असते, फक्त मेहनतीची रीत चुकलेली असते. मेंदू शिकतो कसा आणि लक्षात ठेवतो कसा, यावर मानसशास्त्रात आणि मेंदूविज्ञानात भरपूर काम झाले आहे. ते घराघरांत अजून पोचलेले नाही, आणि त्या रिकाम्या जागेत गैरसमज वस्तीला आले आहेत.

गैरसमज १ : जितक्या वेळा वाचावे तितके पक्के लक्षात राहते.

वस्तुस्थिती : वाचल्याने ओळख वाढते. आठवण पक्की होते ती आठवल्याने.

अमेरिकेतील सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा एकदा वाचले. काही उताऱ्यांच्या बाबतीत दुसऱ्यांदा वाचायचे नव्हते, कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढायचे होते. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणे सरस ठरले : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र पारडे फिरले. पुन्हा वाचलेल्यातले ४२ टक्के उरले होते, लिहून काढलेल्यातले ५६ टक्के.

त्या पहिल्या पाच मिनिटांतच मुलाची फसगत होते. वाचून उठल्या उठल्या सगळे येत असल्यासारखे वाटते, कारण ओळी ओळखीच्या झालेल्या असतात. लग्नात समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही, तसेच हे. परीक्षेत चेहरा समोर नसतो, नाव आपल्यालाच सांगायचे असते. म्हणून सरावही नाव सांगण्याचाच हवा. धडा एकदा नीट समजून वाचावा, पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून सुटलेले मुद्दे पाहावेत. हे जड जाते आणि चुकाही होतात. पण ते कष्टच कामी येतात. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती संशोधनाच्या आधारे तपासल्या. स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे या दोन पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. ओळी रंगवणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे यांची गणना कमी उपयोगाच्या पद्धतींत झाली.

गैरसमज २ : परीक्षेच्या आदल्या रात्री जागून सगळे उरकता येते.

वस्तुस्थिती : दिवसभरात शिकलेले टिकाऊ करण्याचे बरेच काम मेंदू झोपेत करतो.

मेंदूच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी घडवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात दाखवले, की जागेपणी फिरताना हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी जोडीने जाग्या होत्या, त्याच पुढे झोपेतही जोडीने जाग्या होत होत्या. मेंदू जणू दिवसाची उजळणी करत होता. रात्र जागून काढणारे मूल ही उजळणीच गमावते, शिवाय सकाळी त्याचे लक्षही लागत नाही. किशोरवयात रोज ८ ते १० तास झोप लागते.

दोन उजळण्यांमधल्या अंतराचाही हिशेब आहे. सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी १,३५० हून अधिक लोकांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याने परीक्षा असेल, तर दोन अभ्यासांमध्ये सुमारे एक दिवसाचे अंतर फायद्याचे ठरले, आणि वर्षभराने असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे. एका बैठकीत तीन तास बसण्यापेक्षा तोच वेळ तीन दिवसांत वाटलेला बरा.

गैरसमज ३ : काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, काही करून, प्रत्येकाला त्याच पद्धतीने शिकवावे.

वस्तुस्थिती : आवड वेगवेगळी असते, पण त्या आवडीप्रमाणे शिकवल्याने जास्त कळते असे सिद्ध झालेले नाही.

हा समज शिक्षकांमध्येही खोल रुजलेला आहे. २०१२ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधील शिक्षकांच्या पाहणीत ९० टक्क्यांहून अधिक जणांना तो खरा वाटत होता. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन चाळले तेव्हा त्याला पुरेसा आधार सापडला नाही. पद्धत ठरते ती विषयावरून. नकाशा पाहूनच शिकावा लागतो, कवितेची लय ऐकूनच कळते आणि भूमितीची आकृती हाताने काढावीच लागते. "मी ऐकून शिकणारा" हा शिक्का बसला, की मूल वाचनाचा कंटाळा करायला मोकळे होते.

गैरसमज ४ : गणितात हुशार तो डाव्या मेंदूचा, चित्रकार उजव्या मेंदूचा.

वस्तुस्थिती : कामांची वाटणी आहे, माणसांची नाही.

बहुतेकांच्या बाबतीत भाषेचा मोठा भार डाव्या अर्धगोलावर असतो, हे खरे. दोन्ही अर्धगोलांच्या वेगळ्या कामांवरील संशोधनासाठी रॉजर स्पेरी यांना १९८१ चे नोबेल मिळाले. पण २०१३ मध्ये युटा विद्यापीठातील संशोधकांनी ७ ते २९ वयोगटातील १,०११ जणांच्या मेंदूची स्कॅन्स तपासली, तेव्हा एकूण डावीच किंवा उजवीच बाजू वरचढ असलेली माणसे आढळली नाहीत. गणित सोडवताना आणि चित्र काढतानाही दोन्ही अर्धगोल मिळून राबतात.

गैरसमज ५ : बोटांच्या ठशांवरून कल कळतो, आणि 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'ने बुद्धी वाढते.

वस्तुस्थिती : या दोन्हींना शास्त्रीय आधार नाही.

बोटांवरच्या रेषा गर्भातच, साधारण पाचव्या महिन्यापर्यंत घडून जातात. मूल काय वाचणार, कोणाकडून शिकणार, कशात रमणार, हे त्यात कुठून उमटणार? ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या 'डीएमआयटी' चाचणीला आधार नसल्याचे इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनेही स्पष्ट केले आहे.

मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू. डोळ्यांची हालचाल, आवाजाकडे वळणे अशी कामे तो जन्मापासून करत असतो, तो जागा करावा लागत नाही. अशा 'ॲक्टिव्हेशन'च्या वर्गात मुले डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतात ती नाकाशेजारच्या फटीतून. ती फट नीट बुजवा, वाचन थांबते. याची सर्वांत मोठी किंमत मूल मोजते : आईवडिलांना खूश करण्यासाठी खोटे बोलायला ते शिकते. ही फसवणूक उघडी पाडणाऱ्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांचे आपण ऋणी असले पाहिजे.

खऱ्या अभ्यासाची रीत मात्र आपल्याला नवी नाही. आपल्याकडे दिवेलागणीला शुभंकरोति झाली, की परवचा म्हणायची रीत होती. पाढे, तिथी, महिने, नक्षत्रे. समोर पुस्तक नाही, रोज थोडे, आठवून आणि मोठ्याने. अर्थ न समजता केलेली घोकंपट्टी वाईटच. पण आठवून म्हणणे आणि रोज म्हणणे, या त्यातल्या दोन गोष्टी आजच्या संशोधनाच्या कसोटीवर खऱ्या उतरल्या आहेत.

म्हणून पालकांना विनंती. ठशांच्या अहवालावर पैसे घालवू नका, मुलाला रात्रभर जागवू नका. आज संध्याकाळी "वाचलंस का?" असे विचारण्याऐवजी त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "पुस्तक मिट, आणि मला सांग बरं, काय होतं त्या धड्यात?" तो अडखळेल. अडखळू द्या. आठवायला लागलेला तो वेळ हाच त्याचा खरा अभ्यास आहे.