रस्त्यावरचा गॅस आणि घरातली शेगडी

सकाळी उठून आपले पहिले काम कोणते? शेगडी पेटवायची आणि चहाचे आधण ठेवायचे. पण १ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातल्या गृहिणींना नेमके हेच करू नका, असे सांगावे लागले. जालना रोडवर सिडकोच्या उड्डाणपुलापाशी स्वयंपाकाच्या गॅसचा टँकर भल्या सकाळी दुभाजकावर आदळला आणि गॅस गळू लागला. रस्ता बंद झाला, परिसरातली वीज तोडली, शाळांना सुट्टी दिली. अग्निशामक दलाने पाण्याचा मारा चालू ठेवला. सुदैवाने भडका उडाला नाही. पण सगळेच श्रेय दैवाला कशाला? त्या दिवशी ज्या घरांत शेगडी पेटली नाही, त्या घरांतल्या बायकांचाही त्यात वाटा होता.

"असले टँकर रस्त्यावर येतातच कशाला?" असे आपण चटकन म्हणतो. पण आपला सिलिंडर ज्या कारखान्यात भरला जातो, तिथे हा गॅस बहुधा टँकरनेच येतो. म्हणून तो आणणाऱ्या ड्रायव्हरविषयी थोडे जाणून घेऊ या.

अर्धा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन कधी वळलात? पाणी हिंदकळते आणि तोल जातो. टँकरचे तसेच. गॅस फुगतो म्हणून टाकी काठोकाठ भरत नाहीत. आतला द्रव वळणावर एका अंगाला धावतो. त्यामुळे ट्रक चालवता येतो म्हणून टँकर चालवता येईल, असे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचे खास प्रशिक्षण घ्यावे लागते आणि लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. पूर्वी हे लायसन्स एका वर्षापुरते असे; २०१९ च्या दुरुस्तीने ते तीन वर्षांचे झाले. त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आले पाहिजे, अशीही अट आहे. कारण मालाची आणि संकटात काय करायचे याची लेखी माहिती, म्हणजे 'ट्रेम कार्ड', त्याच्या केबिनमध्ये असावेच लागते. न वाचता येणाऱ्याला ते कार्ड काय कामाचे? टाकीच्या सुरक्षिततेवर नागपूरला मुख्यालय असलेली 'पेसो' ही केंद्र सरकारची संस्था देखरेख ठेवते.

आपल्या वाचकांपैकी काहींचे यजमान याच कामावर असतील. त्यांना एक आग्रहाचे सांगणे. लायसन्स संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ प्रमाणे दिवसाचे आठ तास हीच कामाची साधारण मर्यादा होती, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती द्यावी लागे. फेरी वाढली की चार पैसे जास्त येतात हे खरे. पण पेंगुळलेल्या डोळ्यांनी कमावलेला पैसा कुणाच्या जिवावर उठेल सांगता येत नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपला असेल, तर रेडिओ हळू लावा आणि मुलांना शेजारी पाठवा. हीसुद्धा रस्त्याची सुरक्षितताच, बरं का!

आता तुमच्या-माझ्यासाठी. अशा वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे माहितीचा फलक असतो. त्यावर मालाचे नाव, धोक्याचे चिन्ह, मदतीचा दूरध्वनी आणि चार आकडी क्रमांक लिहिलेला असतो: स्वयंपाकाच्या गॅसचा १०७५, पेट्रोलचा १२०३. मुलांना हे वाचायला शिकवा. ११२ किंवा १०१ ला कळवताना लांबून दिसलेला हा क्रमांक सांगितलात, तर येणाऱ्यांचा अर्धा वेळ वाचेल.

घरात गॅस गळला, तर दारे-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि बाहेर जाऊन १९०६ ला कळवायचे. रस्त्यावर टँकर गळत असेल, तर उलट दारे-खिडक्या लावून घ्यायच्या. शेगडी, देवापुढची समई, उदबत्ती काही पेटवायचे नाही. विजेचे बटण लावायचे नाही आणि बंदही करायचे नाही, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. स्कूटरही सुरू करू नये. बाहेर पडायला सांगितले, तर दोरीवरचे कपडे कुठल्या दिशेला फडफडतात ते पाहा. त्या दिशेला जाऊ नका. वाऱ्याला आडवे चालत टँकरपासून दूर व्हा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गटारात, तळघरात, सखल जागी साचतो. तेव्हा उंचावरची वाट धरा.

आणि हो, टँकरभोवती गर्दी जमलेली दिसली, तर "काय झालं बघून ये" म्हणून मुलाला मुळीच पाठवू नका.