मालकाच्या दप्तरातला पूर्वज

अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतात राबलेल्या काळ्या माणसाचा वंशज पूर्वजांचा माग काढू लागला, की १८७० च्या जनगणनेपाशी अडतो. गुलामी कायद्याने संपली १८६५ साली. सुटलेली माणसे देशभर नावानिशी प्रथम नोंदली गेली ती या जनगणनेत. त्याआधी, १८५० आणि १८६० साली, गुलामांचे वेगळे तक्ते केले गेले. त्यांत नाव मालकाचे. त्याखाली गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण, एवढेच. माणूस मोजला गेला; पण माणूस म्हणून नव्हे.

मग नाव शोधायचे कुठे? मालकाच्या मालमत्तेत! म्हणून आधी मालक हुडकावा लागतो. पुष्कळांनी मालकाचे आडनाव लावले, सर्वांनी नाही. तेव्हा आडनावावर विसंबून चालत नाही. १८७० साली शेजारी कोण गोरे जमीनदार राहत होते ते पाहायचे, त्यांची मृत्युपत्रे, वाटणीपत्रे, खरेदीखते कौंटीच्या कचेरीत धुंडाळायची. तिथे खेचरे आणि नांगर यांच्याच यादीत एखादी खापरपणजी सापडते. नावापुढे डॉलरातली किंमत. मालक मेला, की वाटणीत आई एका वारसाकडे, लेकरू दुसऱ्याकडे.

परंतु सगळेच कागद मालकाचे नाहीत. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ साली फ्रीडमन्स बँक निघाली. तिच्या वह्यांत खातेदारांनी सांगितलेली आईबापांची, भावंडांची नावे आहेत. १८७४ मध्ये बँक बुडाली, हजारो गरिबांची पुंजी गेली. वह्या तेवढ्या उरल्या. विकल्या गेलेल्या आईचा, भावाचा ठावठिकाणा विचारणाऱ्या जाहिराती काळ्यांच्या वृत्तपत्रांत पुढे कित्येक वर्षे येत राहिल्या. इथे मालक बोलत नाही. ज्याचे माणूस हिरावले, तो बोलतो.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. गुलामी आणि जात एक नव्हेत, हे खरे. पण दप्तर लिहिणारा हात आपला नव्हता, हा अनुभव दोन्हीकडचा आहे. म्हणून त्यांची ही रीत आपण शिकून घ्यावी. वरच्यांचे कागद वाचावेत, पण त्यांच्या नजरेने नव्हे. आणि कचेरीत जाण्याआधी घरातल्या म्हातारीपाशी बसावे. तिच्या तोंडची नावे आजच लिहून घेतली नाहीत, तर उद्या आपल्या नातवंडांना मालकाच्या यादीतच आपल्याला शोधावे लागेल.