पॅड बदलले, पण ऑइलचे काय?

शिरोळ तालुका म्हणजे सपाटीचा मुलूख. नद्यांकाठची काळी जमीन आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. घरच्या गाडीच्या ब्रेकला इथे एरवी फारसे काम पडत नाही. गळीत हंगामात उसाची ट्रॉली अचानक आडवी आली, की तेवढ्यापुरता पाय दाबायचा. खरी परीक्षा होते कोकणात उतरताना, मग तो आंबा घाट असो, गगनबावड्याचा करूळ असो की फोंडा. म्हणून प्रवासाआधी पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलायचा विचार कोणाच्या मनात आला, तर त्यात वावगे काही नाही. काम आवाक्यातले आहे. फक्त त्यातली प्रत्येक पायरी कशासाठी, हे ठाऊक हवे.

वेग जातो कुठे?

ब्रेक वेगाची उष्णता करतो. माणसे आणि सामान धरून १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबली, की सुमारे ३०० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात एक लिटर पाण्याला उकळी फुटेल. तीच गाडी ५०० मीटर उंचीचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर हिशेब १९-२० लिटरवर जातो. हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण वजा केले, तरी मोठा वाटा चाकांशीच जिरवावा लागतो.

हे सोसायला डिस्क लागते ती राखाडी ओतीव लोखंडाची. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना हा धातू नवा नाही. त्यात ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांचे जाळे असते. ते उष्णता झटकन पसरवते आणि कंपनेही शोषते. पॅडमध्ये राळ, तंतू, धातूची पूड, ग्रॅफाइट असे बरेच काही दाबून बसवलेले असते. काजूच्या टरफलातल्या तेलापासून केलेली भुकटीही अनेक पॅडमध्ये घालतात. चंदगड-आजऱ्याच्या काजूची टरफलेही अशा कामाची आहेत, हे गर खाणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. ब्रेकला अस्तर लावायची कल्पनाही जुनीच. १८८८ मध्ये बर्था बेंझ यांनी मोटारीने लांबचा प्रवास केला, तेव्हा झिजलेल्या लाकडी ब्रेकना त्यांनी वाटेत चांभाराकडून चामडे ठोकून घेतले होते.

पान्याची कामे

गाडी सपाट, टणक जागी लावावी. पहिला गिअर, हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दगड, हे तिन्ही हवे. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच सैल करावेत; नंतर चाक नुसते गरगर फिरते. जॅक उचलण्यापुरता, भार पेलायला स्टँडच हवा. चाक निघाले की खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलायचा. कॅलिपर पूर्ण सोडवावा लागला, तर तारेने बांधून ठेवावा. ब्रेकच्या नळीवर लोंबकळू दिला, तर नळीला आतून चीर जाते.

जुन्या पॅडचा मसाला तीन मिलिमीटरच्या आसपास आला, की त्याचे आयुष्य संपले. एका बाजूचा पॅड जास्त झिजला असेल, तर कॅलिपरच्या पिना जाम आहेत असे समजावे. त्या पुसून, उष्णता सोसणारे ब्रेकचे ग्रीस लावून परत बसवाव्यात. काळी भुकटी फुंकून उडवू नये. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे रुततात. ओल्या फडक्याने पुसावे. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क बदलायलाच हवी, कारण पातळ डिस्कमध्ये उष्णता साठायला धातूच कमी उरतो.

नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन हळूहळू आत ढकलावा लागतो. त्या वेळी बॉनेटखालच्या डबीतले ब्रेक ऑइल वर चढते. ते सांडले तर रंग खाते. दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. आणि इंजिन सुरू करण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबून घ्यावे. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पाय थेट तळाला जातो. गाडी रस्त्यावर असताना ही गोष्ट लक्षात आली तर फार उशीर झालेला असतो.

न दिसणारी झीज

पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो पास्कलच्या नियमाने: बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा. चाकाजवळच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सहापट असेल, तर बळही सहापट मिळते. बदल्यात तो एक षष्ठांशच सरकतो. म्हणजे सगळी भिस्त द्रव दबत नाही यावर. नळीत हवा किंवा वाफ शिरली, की पेडलची चाल ती दाबण्यातच खर्ची पडते.

ब्रेक ऑइल मुळात तेल नव्हे, ग्लायकॉल वर्गातले द्रव्य आहे, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते. रबरी नळ्यांतूनही तो सावकाश झिरपतो. 'डॉट ४' ऑइल कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले, की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. सपाटीवर ही उणीव जाणवतच नाही. घाटात कॅलिपर तापतो, पाय उचलताच दाब उतरतो, पाणी उकळून वाफ होते आणि पुढच्या वळणावर पेडल रिकामे जाते. पॅड कोरे करकरीत असले तरीही.

पाण्याशी शिरोळचे नाते जवळचे. २०१९ आणि २०२१ चे महापूर इथल्या घराघरांत शिरले. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी मागच्या ड्रममध्येही जाते. बारीक गाळ ब्रेक-शूजवर बसतो, गंज चढतो, हँडब्रेक चिकटतो. अशी गाडी घरी खोलण्यात अर्थ नाही. ड्रममधल्या स्प्रिंगा, त्यांची ठेवण आणि ऑइल बदलून हवा काढणे हे मेकॅनिकचे काम.

घरी केलेल्या पॅडबदलानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून २० पर्यंत, मधे थंड होऊ देत, आठ-दहा वेळा बेताने ब्रेक लावावेत. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो आणि पकड येते. घाटात खालचा गिअर टाकला, की उष्णतेचा बराच भार इंजिन उचलते. ऑइल मात्र दर दोन वर्षांनी, सीलबंद बाटलीतलेच भरून घ्यावे आणि ती तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावी. पॅड किती झिजले ते डोळ्यांना दिसते. ऑइलचे वय या तारखेखेरीज कोणी सांगत नाही.