समुद्रतळावरच्या गॅसविहिरी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

समुद्रातला गॅस म्हटला की आपल्याला मुंबई हाय आठवते आणि पाण्यात पाय रोवून उभा असलेला प्लॅटफॉर्म डोळ्यांपुढे येतो. मुंबई हायला पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे, म्हणून तिथे ते जमले. पूर्व किनाऱ्यावर, काकीनाड्यासमोरच्या केजी-डी६ गटात मात्र काही विहिरी दोन किलोमीटर खोल पाण्याखाली आहेत. तिथला मामलाच वेगळा.

गैरसमज : प्रत्येक गॅसक्षेत्रावर प्लॅटफॉर्म लागतोच.
वस्तुस्थिती : डिसेंबर २०२० मध्ये केजी-डी६ मधल्या आर क्लस्टरचे उत्पादन सुरू झाले, ते क्षेत्रावर प्लॅटफॉर्म न बांधता. विहिरींची तोंडे समुद्रतळावरच आहेत. प्रत्येकीवर व्हॉल्व्हचा जाडजूड संच बसवलेला असतो. या धंद्यात त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. तिथून गॅस तळावरच्या पाइपलाइनने सुमारे ६० किलोमीटरवरच्या, उथळ पाण्यातल्या जुन्या प्लॅटफॉर्मकडे जातो आणि पुढे किनाऱ्यावर येतो. अर्थात, हा उपाय सरसकट चालत नाही. गॅसबरोबर कंडेन्सेट, म्हणजे हलके द्रव तेल, देणाऱ्या याच गटातल्या एमजे क्षेत्रासाठी तरंगते प्रक्रिया-जहाज आणावे लागले.

गैरसमज : दुरुस्तीला पाणबुडे उतरतात.
वस्तुस्थिती : व्यावसायिक पाणबुड्यांची मजल साधारण ३०० मीटरपर्यंत. दोन किलोमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोचा भार असतो. तिथे जहाजावरून केबलने चालवलेला रोबो काम करतो. ट्रीच्या पॅनेलवर त्याच्यासाठी खास खाचा असतात; त्यात अवजार घालून तो ठरलेले फेरे मोजत व्हॉल्व्ह फिरवतो. व्हॉल्व्हचे नियंत्रण करणारे कंट्रोल मॉड्यूल बिघडले तर तेवढेच सोडवून वर आणतात आणि दुसरे बसवतात.

गैरसमज : गॅस स्वतःच्या दाबाने येतो, पाइप टाकला की काम झाले.
वस्तुस्थिती : दाब असतो, पण गॅससोबत पाणीही येते. तळावर पाणी जेमतेम चार अंश सेल्सिअस. एवढ्या थंडीत आणि दाबाखाली मिथेन व पाणी मिळून बर्फासारखा घन पदार्थ, म्हणजे हायड्रेट, तयार होतो आणि पाइप तुंबतो. शून्याच्या बऱ्याच वरच्या तापमानालाही हे घडते. त्यावर उपाय म्हणून विहिरीच्या तोंडाशीच ग्लायकॉल हे हायड्रेट होऊ न देणारे द्रव सोडतात. ते पुढे वेगळे काढून, शुद्ध करून पुन्हा वापरले जाते.

गैरसमज : नियंत्रण तुटले तर गॅस वाहतच राहील.
वस्तुस्थिती : मुख्य व्हॉल्व्ह हायड्रॉलिक दाबाने स्प्रिंग दाबून उघडे ठेवलेले असतात. दाब गेला की स्प्रिंग त्यांना बंद करते. शिवाय तळाखाली, विहिरीच्या नळीतही एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. धोका शून्य होत नाही, पण बंद होण्यासाठी वरून हुकूम यावा लागत नाही.

गैरसमज : साठा सापडला की स्वस्त गॅस आलाच.
वस्तुस्थिती : याच गटातले डी१-डी३ क्षेत्र २००२ मध्ये सापडले, गॅस आला २००९ मध्ये. पाणी आणि वाळू शिरल्याने उत्पादन अंदाजापेक्षा फार लवकर घसरले आणि २०२० च्या फेब्रुवारीत थांबले. त्यासाठी उभारलेला प्लॅटफॉर्म आणि किनाऱ्यावरचे टर्मिनल मात्र आर क्लस्टरच्या कामी आले. नाहीतर तो सगळा खर्च नव्याने करावा लागला असता. म्हणून नव्या शोधाची बातमी वाचताना साठ्याच्या आकड्यावर थांबू नये. पाणी किती खोल आहे आणि जवळची तयार यंत्रणा किती लांब आहे, हेही पाहावे. गॅस परवडणार की नाही, ते बरेचसे तिथेच ठरते.