व्यक्ती तितक्या प्रकृती : हृद्‌रोगातील व्यक्तिसापेक्ष औषधयोजना

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही उक्ती मराठीत चिरपरिचित आहे. एकच औषध व एकच मात्रा सर्वांस सारखी मानवत नाही, हा वैद्यांचा जुना अनुभव. जनुकशास्त्रामुळे या अनुभवामागील कारणे आता तपासता येऊ लागली आहेत. परंतु या ज्ञानाचा उपयोग कोठे व कोणत्या क्रमाने करावयाचा, हा प्रश्न स्थळकाळाचा विचार केल्यावाचून सुटत नाही. म्हणून येथे भिगवणचे उदाहरण घेऊ.

भिगवण हे इंदापूर तालुक्यातील गाव उजनी जलाशयाच्या काठी, पुणे-सोलापूर मार्गावर, पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आहे. हृद्‌रोहिणीत रक्ताची गुठळी अडकून ती पूर्णपणे बंद झाली, तर हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो. निदानापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्याजोगी असेल, तर तो उपाय श्रेष्ठ होय. ते शक्य नसल्यास गुठळी विरघळविणारे औषध जवळच्या रुग्णालयातच देऊन रुग्णास पुढे धाडावे, असा संकेत आहे.

व्यक्तिसापेक्षतेचा पहिला धडा येथेच मिळतो. टेनेक्टेप्लेज या औषधाची मात्रा वजनावर ठरते : ६० किलोग्रॅमहून कमी वजनास ३० मिलिग्रॅम, तर ९० किलोग्रॅम वा अधिक वजनास ५० मिलिग्रॅम. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रीम’ या अभ्यासात मेंदूतील रक्तस्राव आढळू लागल्यावर पंचाहत्तरी गाठलेल्या रुग्णांची मात्रा मध्येच निम्मी करण्यात आली; त्यानंतर असे रक्तस्राव कमी झाले. म्हणजे वजनकाटा आणि रुग्णाचे वय यांवरही एखाद्याचे प्राण अवलंबून असू शकतात.

दुसरा धडा जनुकांचा आहे. या औषधासोबत ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल देण्याची रीत आहे. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातील एंझाइमे, विशेषतः सी-वाय-पी-२-सी-१९, त्याचे सक्रिय रूप घडवितात व मग ते बिंबाणूंना एकमेकांस चिकटू देत नाही. हे एंझाइम घडविणाऱ्या जनुकाची सदोष प्रत दक्षिण आशियाई लोकांत बरीच आढळते. निम्म्याहून अधिक व्यक्तींत अशी किमान एक प्रत असते. सुमारे दहांपैकी एकीत दोन्ही प्रती सदोष असतात. अशा व्यक्तींत औषधाचा प्रभाव उणा पडतो. अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने २०१० साली याविषयी ठळक इशारा दिला.

यातून विषमतेचा एक प्रश्न उभा राहतो. थेट अँजिओप्लास्टी होणाऱ्या रुग्णास टिकाग्रेलॉरसारखे, या एंझाइमावर विसंबून नसलेले औषध बहुधा मिळते. दूरच्या रुग्णाच्या वाट्यास मात्र आरंभी क्लोपिडोग्रेलच येते.

तरीही पुराव्याच्या पलीकडे जाऊ नये. स्टेंट बसविलेल्या रुग्णांत जनुकदोषामुळे धोका वाढल्याचे दिसले आहे. परंतु स्टेंट क्वचितच बसविलेल्या रुग्णांच्या २०१० मधील एका विश्लेषणात क्लोपिडोग्रेलच्या लाभात असा फरक आढळला नाही. २०१९ च्या एका डच अभ्यासात जनुकचाचणीनुसार औषध निवडल्याने गुठळ्यांचे प्रमाण न वाढता रक्तस्राव घटला. उलट २०२० च्या ‘टेलर-पीसीआय’ अभ्यासात दिसलेली घट संख्याशास्त्रीय कसोटीस उतरली नाही.

तात्पर्य, चिकित्सेची सूक्ष्मता पायरीपायरीने वाढावी. प्रथम तत्काळ विद्युत्‌-हृल्लेख. मग वय, वजन, मूत्रपिंडांचे कार्य व रक्तस्रावाचा पूर्वेतिहास. आणि रुग्ण स्थिरावल्यावर, विशेषतः स्टेंट बसविला असल्यास, जनुकचाचणीचा विचार. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गुठळी विरघळविल्यानंतर क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या आपल्या ग्रामीण रुग्णांत जनुकभेदाचा परिणाम नेमका किती, हा प्रश्न अशा परिसरातील संशोधकांनीच हाती घ्यावयास हवा. परदेशी आकडे त्याचे उत्तर देऊ शकणार नाहीत.