रोजचे एकशेसाठ किलोमीटर आणि एक जुनी डिझेल गाडी

माझा धाकटा भाऊ जत तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे. घर मिरजेत. बदली झाली तेव्हा बिऱ्हाड तिकडेच न्यावे असा विचार झाला होता. पण अम्मीचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते, तेही मिरजेत, आणि तिला धरून नेणारा-आणणारा तोच. मग जाऊन-येऊन एकशेसाठ किलोमीटर तो मोटारसायकलवर करू लागला. एसटीचे आणि शाळेचे वेळापत्रक जमेना. रेल्वेचे 'जत रोड' नावाचे स्टेशन आहे, पण नावावर जाऊ नका, जत गाव तिथून बरेच लांब आहे.

डिसेंबरात, गळीत हंगाम भरात असताना, एका संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. ती दिसली तेव्हा मध्ये दहा-बारा फूट उरले होते. कॉलरबोन मोडले आणि तेवढ्यावर निभावले, अल्लाहचे आभार. दवाखान्यात अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "आता चार चाकं बघा."

बघा म्हणणे सोपे असते. नवी गाडी आवाक्याबाहेर होती आणि व्याजाच्या कर्जाला अब्बांचा ठाम नकार. भावाची साठवण, त्याच्या बायकोची उचलायची राहिलेली भिशी आणि मामूंनी दिलेले कर्ज-ए-हसना, असे मिळून पावणेचार लाख जमले. मामूंचे पैसे कधी आणि कसे फेडायचे ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. घरातला व्यवहार म्हणून तोंडी ठेवला नाही. एवढ्या पैशात जी गाडी येईल ती जुनीच येणार हे उघड होते. प्रश्न होता कोणती.

भावाच्या मनात पेट्रोलची गाडी होती. एका रात्री जेवण झाल्यावर आम्ही वहीच घेऊन बसलो. रोजचे १६० किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ३,८४० किलोमीटर. पेट्रोलचा भाव लीटरला १०४ आणि डिझेलचा ९१ धरला. जुनी पेट्रोल गाडी रस्त्यावर सोळाचे अॅव्हरेज देईल, डिझेलची वीसचे. पेट्रोलचा महिन्याचा खर्च जवळपास २५,००० रुपये, डिझेलचा साडेसतरा हजार. महिन्याला सात हजारांवर फरक. डिझेल गाडीची देखभाल महाग असते, इंजेक्टर किंवा टर्बो गेला तर एका फटक्यात तीस-चाळीस हजार जातात, हे सगळे धरूनही वर्षाअखेर हातात काही उरते.

पण हाच हिशेब माझ्यासाठी केला तर उलटा येतो. माझे दुकान घरापासून चार किलोमीटरवर. माझे महिन्याचे रनिंग पाचशेच्या आत, तिथे डिझेलची बचत हजार रुपयांचीही होत नाही. शिवाय डिझेल इंजिनाला तापून मोकळे पळायला रस्ता लागतो. बाजारात जाऊन परत येणाऱ्याने डिझेल घेऊ नये. शेजारचा घेतोय म्हणून तर मुळीच नाही.

सीएनजीचा हिशेब डिझेलपेक्षाही कमी येतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण एका टाकीत दोनशे किलोमीटरच्या आसपास मजल, म्हणजे जवळजवळ रोज पंपावर रांग, आणि डिकीत सिलिंडर. अम्मीची व्हीलचेअर कुठे ठेवायची? तो विषय तिथेच संपला.

आता गाडी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले उस्ताद तीस वर्षे डिझेलच्या गाड्या उघडत आहेत. त्यांचे म्हणणे एका वाक्याचे होते. "रविवारी जतमध्ये बंद पडली तरी जिचा पार्ट मिळेल ती घ्या." त्यामुळे स्विफ्ट पहिल्या नंबरवर आली. तिच्यातले १२४८ सीसीचे डिझेल इंजिन मूळचे फियाटचे. तेच इंजिन रिट्झ, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसले, म्हणून त्याला देशाचे राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ज्या गाडीला बेल्ट असतो तिचा बेल्ट वेळेवर बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला तर इंजिनच उघडावे लागते. फोक्सवॅगन पोलोला बेल्ट आहे. गाडी दणकट, दार लावताना तिजोरीसारखा आवाज, पण खर्चही तिजोरीतूनच. ह्युंदाई आय-ट्वेंटीचे १.४ लीटरचे इंजिन ताकदवान, गाडी आरामशीर, आमच्या पैशात मात्र फार रनिंग झालेल्याच मिळत होत्या. फोर्ड फिगोचे १.५ लीटरचे इंजिन पळायला या सगळ्यांत सरस. पण कंपनीने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवायचे ठरवले आणि लहान गावात पार्टसाठी वाट बघावी लागते. टोयोटाची लिव्हा उस्तादांची आवडती, ती बाजारात फार येत नाही. मारुतीने १ एप्रिल २०२०पासून, बीएस-६चे नियम आले तेव्हा, डिझेल गाड्या बंदच केल्या. म्हणजे यातली कुठलीही स्विफ्ट घेतली तरी ती २०२०च्या अलीकडची नसणार.

पहिली गाडी पसंत पडली ती एका डीलरकडे. २०१४ची, पांढरी, चकचकीत, मीटरवर ६२,००० किलोमीटर. भावाने टोकनचे पाच हजार काढलेही होते. उस्तादांनी त्याचा हात धरला आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर दाखवले. एका बाजूने पार गुळगुळीत. स्टिअरिंग घासून चमकत होते, ड्रायव्हरची सीट बसलेली. बासष्ट हजारांत असे होत नाही. आरसी नीट वाचली तर जुना नंबर दिल्लीचा निघाला. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर जाऊ लागल्या. दिल्लीची गाडी वाईटच असते असे नाही, पण तिचा मागचा हिशेब आपल्याला सहज मिळत नाही. ओळखीतून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची नोंद मिळवली. चार वर्षांपूर्वीच ती एक लाख अठ्ठेचाळीस हजारांवर होती. डीलरला विचारले तर तो हसला. "साहेब, गाडी तर छान आहे ना?"

मला राग मीटर फिरवल्याचा आला तेवढाच त्या हसण्याचा आला. मालातला दोष झाकून विकणे हा आपल्याकडे साधा चलाखपणा मानला जात नाही, निदान मानला जाऊ नये.

दुसरी गाडी सांगलीतलीच, भाव पन्नास हजारांनी कमी. आमच्या भागात कमी भाव ऐकला की एक प्रश्न आधी विचारावा: ही २०१९ आणि २०२१च्या पुरात कुठे होती? २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते आणि कितीतरी गाड्या बोनेटपर्यंत बुडाल्या होत्या. धुऊन-पुसून त्या पुन्हा बाजारात आल्या. उस्तादांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. आतल्या टोकाला मातकट रेघ. स्टेपनी उचलली तर खालच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ. इंजिन बघितलेसुद्धा नाही. पाण्यात गेलेल्या गाडीचे वायरिंग दोन-तीन वर्षांनी दगा देते, तेही रात्रीच.

तिसरी गाडी निवृत्त बँक अधिकाऱ्याची. २०१६ची स्विफ्ट, एकच मालक, एम-एच-१० पासिंग, रनिंग १,१८,०००. आकडा ऐकून भावाचा चेहरा उतरला. उस्ताद मात्र खूश. दर दहा हजारांचे सर्व्हिस बिल फायलीत होते. लांब पल्ल्यावर चाललेले सव्वा लाख किलोमीटर गावातल्या पन्नास हजारांपेक्षा इंजिनाला सोपे गेलेले असतात, हे त्यांचे मत आणि माझेही आता तेच.

आम्ही आदल्या दिवशीच सांगितले होते की सकाळी आमच्या आधी गाडी सुरू करू नका. गेल्यावर उस्तादांनी बोनेटला हात लावून पाहिला, थंड होते. गरम इंजिन आपले दुखणे लपवते, थंड लपवत नाही. एका सेल्फमध्ये सुरू झाली. पहिल्या क्षणी थोडा धूर, मग स्वच्छ. निळा धूर टिकला असता तर ऑइल जळते आहे, काळा टिकला तर इंजेक्टर किंवा हवेचा घोळ, पांढरा गरम झाल्यावरही राहिला तर हेड गॅस्केटची शंका. मग चालू इंजिनावर ऑइल भरायचे झाकण सैल केले. तिथून भकाभक वाफ आली तर पिस्टन-रिंग झिजल्या असे समजावे. किंचित आली, तेवढी चालते. रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये हळू चालवून एकदम अॅक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज चढला पण वेग त्याच्या मागे राहिला. क्लच संपत आला होता.

उस्ताद काही बोलायच्या आत मालकच म्हणाले, "क्लचप्लेट बदलावी लागेल. आणि डावा मागचा दरवाजा ठोकलेला आहे, रिक्षा लागली होती." दरवाज्याचे रबर काढून पाहिले, खांबाचे मूळ वेल्डिंग शाबूत होते. क्लचचे म्हणून बारा हजार त्यांनी स्वतःहून कमी केले. ३,३८,००० ला व्यवहार झाला.

कागदांत घाई करू नये. फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, थकलेली ई-चलाने, सगळे त्याच बैठकीत तपासले. गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता ताब्यात घेतली तेही लिहून दिले. यात विकणाऱ्याचेही हित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की नोंदीवर ज्याचे नाव, अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याची, गाडी पुढे कितीही हात फिरली तरी. आपल्यात ओळखीच्या माणसाला गाडी देऊन नाव वर्षभर तसेच ठेवतात, ते बंद करायला हवे. विमाही नावावर करून घ्यावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तेवढा हप्ता वाढतो.

क्लचला चौदा हजार गेले, चार टायरांपैकी दोन बदलले. टायरवरच्या चार आकड्यांवरून आठवडा आणि वर्ष कळते. मागचे दोन सात वर्षांचे निघाले. ऑइल आता अडीच-पावणेतीन महिन्यांत बदलायची पाळी येते आणि या वेगाने चार वर्षांत गाडी तीन लाख किलोमीटरवर जाईल. तोवर बदली झाली तर बरे, नाहीतर पुन्हा वही काढायची.

पहिल्या तीन महिन्यांचे अॅव्हरेज एकवीस आले. मामूंचे तीन हप्ते गेले. डायलिसिसच्या दिवशी अम्मी मागच्या सीटवर आडवी होऊन घरी येते. भाऊ संध्याकाळी कवठेमहांकाळला चहाला थांबतो, तिथे ट्रॉल्याही थांबलेल्या असतात. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्याने लाल रिफ्लेक्टर टेपचे बंडल ठेवले आहे. चहा होईपर्यंत एखाद्या ट्रॉलीच्या मागे दोन पट्ट्या लावून होतात. ड्रायव्हर पोरे आधी संशयाने बघायची, आता हाक मारून बोलावतात.